औषधकंपनीतला डॉक्टर

आमचा मावसभाऊ सामाजिक वैद्यकात एम. डी. झाला आणि २००९ साली मुंबईतल्या एका औषधकंपनीत रुजू झाला. त्या दिवाळीत आम्ही त्याला चारचौघांत म्हणालो, "लोकांचा डॉक्टर व्हायला निघाला होतास, शेटजींचा झालास." वाक्य आमचे आम्हांलाच आवडले होते. (मराठीच्या प्राध्यापकाचा हा व्यवसायजन्य आजार.) तो हसला नाही. पुढे त्याचे येणे कमी होत गेले.

ते वाक्य आम्हांला पुन्हा टोचले ते मोहम्मद अझीझ यांच्याविषयी वाचताना. आजच्या बांगलादेशात जन्मलेला हा डॉक्टर अमेरिकेतल्या मर्क कंपनीत गेला. आफ्रिकेतले नदीकाठचे अंधत्व त्याने आधी पाहिलेले होते. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माश्या चावतात, कृमींची पिल्ले कातडीत पसरतात, खाज माणसाला झोपू देत नाही आणि शेवटी दृष्टी जाते. सुपीक काठ सोडून गावेच्या गावे उठून जात. जुन्या औषधाने कृमी मरत, पण त्यांच्या मरण्याचीच रोग्याला भयंकर बाधा होई.

मर्ककडे आयव्हरमेक्टिन होते, जनावरांसाठी. विल्यम कॅम्बेल यांनी ते माणसांवर तपासण्याचे सुचवले. यात धोका कंपनीचाही होता: माणसाला अपाय झाला असता तर गुरांच्या औषधाचा धंदा बुडाला असता. अझीझ १९८१ मध्ये सेनेगलला गेले. त्यांनी स्थानिक डॉक्टरांबरोबर ३२ रोग्यांना अगदी अल्प मात्रेपासून, वजनाच्या किलोमागे पाच मायक्रोग्रॅमपासून, औषध देऊन पाहिले. एवढ्याशा मात्रेने सुरुवात करण्यात जी भीती आहे, तीच आम्हांला या माणसाची ओळख वाटते. कातडीचे कण तपासले, तेव्हा मोठ्या मात्रेच्या रोग्यांत पिल्ले जवळजवळ नाहीशी झाली होती.

औषध सिद्ध झाले, पण त्याचे पैसे देऊ शकणारे कोणी सापडेना. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी कंपनीने ते लागेल तितके, लागेल तितका काळ फुकट देण्याचे जाहीर केले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत अझीझ वारले. २०१५ चे नोबेल कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा या रोगातून मुक्त ठरलेला आफ्रिकेतला पहिला देश झाला.

याच कंपनीला हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये व्हायॉक्स हे औषध बाजारातून मागे घ्यावे लागले, हेही आम्ही विसरलेलो नाही. अझीझांच्या पुण्याईवर ते झाकता येणार नाही. पण 'शेटजींचा डॉक्टर' या शब्दांत अझीझ मावत नाहीत, आणि ते शब्द आम्ही त्यांच्यासारख्याच शिक्षणाच्या मुलावर फेकले होते.

मागच्या दिवाळीत त्याला फोन केला, चूक कबूल केली, अझीझांचे सांगितले. तो म्हणाला, "दादा, माझ्या कामात सेनेगल वगैरे काही नाही. औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल येतात, ते मी वाचतो."

"मग वाचून काय करतोस?"

"कधी कधी झोप उडते." मग म्हणाला, एका बाईंच्या अंगावर पुरळ उठल्याचे कळले आहे, त्यांच्या डॉक्टरांना गाठायचे आहे, नंतर बोलू. आणि त्याने फोन ठेवला.