शंभर फेऱ्या

कॅप्टन टॉम मूर यांचे नाव निघाले, की आम्हांस त्यांचा वॉकर आठवतो. दुसऱ्या महायुद्धात अराकानात लढलेले हे यॉर्कशरचे सैनिक, स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीच्या भेटीस शुश्रूषागृहात नित्य जात. एप्रिल २०२० मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी त्यांनी बागेत शंभर फेऱ्या घातल्या. संकल्प १,००० पौंडांचा. जमले ३ कोटींहून अधिक. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गेले. पुढे त्यांच्या नावाच्या संस्थेतून कुटुंबीयांनी वैयक्तिक लाभ घेतल्याचा ठपका २०२४ च्या चौकशी-अहवालाने ठेवला. फेऱ्यांचा तो निधी मात्र त्यापूर्वीच आरोग्यसेवेसाठी सुपूर्द झाला होता. वारसांच्या वर्तनावरून पूर्वजांस जोखण्याची रीत आम्हांस मान्य नाही. त्या फेऱ्या त्यांनी स्वतःच्या पायांनी घातल्या होत्या, एवढेच आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.