पप्पांचा उजवा हात

मागच्या सेमला मी महिनाभर गायब होतो, ते कशासाठी हे सांगतो. पप्पा सेकंड शिफ्ट करून बाईकवर घरी येत होते, चाकण रोडला ट्रकने उडवले. उजव्या हाताची तीन बोटे गेली. पप्पा लेथवर टर्नर, वय ४७.

आमच्या शेताच्या वाटणीची केस बघणारे वकील घरोब्याचे, त्यांनाच कागद दिले. भला माणूस, फी पण नको म्हणाले. त्यांनी हॉस्पिटलची बिले जोडून दीड लाखाचा दावा लिहिला. आम्हाला तोही खूप वाटला!

मेसवाल्या काकांनी मात्र मला धरून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातल्याच केसेस चालवणाऱ्या वकीलबाईंकडे नेले, पप्पांसकट. बाईंनी बिले बाजूला ठेवली नि पप्पांना विचारले, "या हाताने काम काय करत होतात?"

डॉक्टरी दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के. पण बघायचे ते कमाईचे नुकसान, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये सांगितलेय. लेथच चालवता येत नसेल तर ३० टक्के कुठले? गणित तर आपल्या एम-वनपेक्षा सोपे. पगार १५,००० गुणिले १२ महिने, गुणिले १३ (४६ ते ५० वयाचा गुणक), गुणिले टक्के. ३० धरले तर ७,०२,०००. ७० धरले तर १६,३८,०००. बिले वेगळीच!

शिवाय २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय. आमचे चार गेले होते.

दावा दाखल झालाय, तारखा चालू आहेत. पप्पा डाव्या हाताने सही शिकताहेत. बँकेने दोनदा परत पाठवले.