मामांच्या खिशाचे माप

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी तापी ओलांडते आणि मग खिडकीतून केळींवाचून दुसरे काही दिसेनासे होते. सावद्याच्या स्टेशनावर उतरलो. स्टेशनाला नाव सावद्याचे, पण गाव तिथे नाही. अजून रस्ता कापायचा राहतो. समोर सातपुड्याची निळी रेघ. शेजारी फैजपूर, जिथे १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. आजोळच्या वाटेवर एवढा इतिहास पुरे.

मामांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणेही जवळजवळ पूर्वीसारखे झाले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हट्ट धरून बसला. त्यात त्यांचा तांब्याच्या मुठीचा मिटता चाकू विहिरीत पडला. "कापायचं काहीच नसतं हो, पण दिवसातून दहा वेळा खिसा चाचपतात," मामी म्हणाल्या. तेव्हा नवा चाकू आणण्याचे काम माझ्याकडे आले. ज्याने आयुष्यभर खडूपलीकडे हत्यार धरले नाही, त्याच्याकडे!

बाजारात तीन मापे होती. दुकानदाराचा आग्रह मोठ्याचा. पण तांबे लोखंडाहून सुमारे सातव्या हिश्शाने जड. मोठा चाकू सदऱ्याच्या खिशात टाकला की सदरा एका खांद्यावरून ओघळतो. शिवाय खानदेशी उन्हात ती मूठ हातात धरवत नाही. म्हातारे माणूस, हलके बरे, असा सूज्ञ विचार करून मी सर्वांत धाकटा चाकू घेतला.

मामांनी तो पालथा-उताणा करून पाहिला. नख खाचेत घातले, ओढले. पुन्हा ओढले. मग काही न बोलता चाकू पाटाशेजारी ठेवला आणि केळीच्या भावाविषयी बोलू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "हा मले नही उघडत, भाच्या. लहान हाये म्हनून."

लहान म्हणून? मी चक्रावलो. पण त्यांचेच खरे होते. पाते जेवढे आखूड, तेवढी नखाची खाच खिळ्याजवळ येते, आणि खिळ्याजवळून ओढायला जोर अधिक लागतो. दाराची कडी बिजागरीशी का बसवीत नाहीत, हे विज्ञान न शिकलेल्यालाही कळते. मराठीच्या अध्यापकाला मात्र सांगावे लागले.

मग मामांनी मापाचा धडाच दिला. मिटलेला चाकू मुठीत धरावा. चार बोटांच्या बाहेर दोन्हीकडे थोडा डोकावला पाहिजे. पाते मुठीत लपायचे, म्हणून ते मुठीपेक्षा आखूडच असणार. तीन इंचांच्या आसपास असले की पुरे. तेवढ्यात सुतळी तुटते, पेरूच्या फोडी होतात, भरताच्या वांग्याला भाजण्याआधी चिरा देता येतात. केळीचा घड उतरवायला विळाच लागतो. पण दांड्यावरून एखादी फणी सोडवली, तर चीक सांध्यात शिरतो, वाळून काळा होतो आणि पाते अडकते. म्हणून धुताना सांध्यात पाणी खेळेल आणि मग तेलाचा थेंब जाईल, असा चाकू हवा.

माप हा प्रश्न सावद्यापुरता नाही. फ्रान्समधील सावोआ प्रांतात (नावाचे साम्य पाहा!) जोसेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा मिटता चाकू बनविला आणि १८९७ मध्ये त्याची एक ते बारा क्रमांकांची मापे काढली. पुढे पहिले आणि अकरावे माप बंद झाले. सर्वांत नावाजला तो आठवा क्रमांक, पाते साडेआठ सेंटीमीटरचे. म्हणजे मामांच्या तीन इंचांपेक्षा किंचित मोठे. मामांना हे सांगितले तेव्हा, तो फ्रेंच शेतकऱ्यांना विचारून आला असेल, एवढाच त्यांचा अभिप्राय पडला.

दुसऱ्या दिवशी मधला चाकू घेऊन आलो. मामांनी तो डाव्या हातात धरला, उजव्या अंगठ्याचे नख खाचेत रोवले. पाते हलले नाही. मामी पुढे सरसावल्या, तेव्हा मामांनी नुसते पाहिले. त्या मागे झाल्या. तिसऱ्या खेपेला 'टक्' असा आवाज झाला.

मामांनी पेरू मागवला. फोडी जाड-बारीक झाल्या, एक खाली पडली. मला फोड हातात दिली. चाकू मात्र हातात दिला नाही, हातात दिला तर भांडण होते, म्हणून जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "आता तू मिटव."

मला तो मिटवताना दोनदा प्रयत्न करावा लागला.