नाव पोसायची म्हणजे...

तुळापूरला संभाजीमहाराजांचं स्मारक पाहून झालं, की भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नावेत बसायची हौस पुष्कळजणींनी भागवली असेल. चिंचवडहून आळंदीमार्गे डबा घेऊन सहज जाऊन येता येतं. पण ती नाव वर्षभर सांभाळायची म्हणजे दारात म्हैस बाळगण्यासारखंच, हो!

नावाड्याच्या बायकोनंच मला सारं सांगितलं. लाकडी नाव उन्हाळ्यात काठावर कोरडी पडली, की फळ्या आकसतात नि सांधे उघडतात. मग फटींत कापूस ठासायचा, वरून डांबर. पाण्यात सोडल्यावर लाकूड फुगतं आणि उरलीसुरली फट मिटते. पावसाळ्यात आपली दारं घट्ट बसतात ना, तसंच! पत्र्याची नाव घ्यावी, तर गंज खरवडून पुन्हा रंग काढायचा.

पण खरा जाच जलपर्णीचा. गावांचं, कारखान्यांचं सांडपाणी इंद्रायणीत येतं, त्यावर ती माजते. वल्ह्यात अडकली, की नाव जागची हलत नाही. आलेलं गिऱ्हाईक परत जातं, डांबराचा खर्च मात्र डोक्यावर.

"आणि पूर आला, की नाव बांधूनच ठेवायची, ताई," असं म्हणत बाई डब्यानं नावेतलं पाणी उपसू लागल्या.