चिंचेपर्यंत

आमच्या गावात टॉर्चला बॅटरीच म्हणत, आणि बॅटरी कशी आहे हे ठरवायचं माप होतं ओढ्यापलीकडची चिंच. आप्पांची तीन सेलची पितळी बॅटरी होती. नवे सेल घातले की अंगणात उभे राहून ते चिंचेवर झोत टाकत. शेंडा दिसला तर सेल ताजे. बुंध्यापाशीच पिवळट डाग घुटमळला, तर दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. उतरलेले सेल उन्हात ठेवायचं काम माझं. कुरडयांच्या वाळवणाशेजारी तेही वाळत पडत आणि मग आणखी दोन रात्री निघत. एकदा सेल काढायचे विसरलो. ते पाझरले, आतलं पितळ हिरवं पडलं. आप्पांनी ते चिंचेच्या कोळानं घासून लख्ख केलं. त्या दिवशी मीही बराच घासला गेलो.

त्या बॅटरीचा बल्ब आजच्या हिशोबात जेमतेम १५-२० लुमेनचा असेल. उजेड थोडाच, पण मागच्या वाटीनं तो गोळा करून एका जागी धाडलेला.

आता धाकटा भाऊ शेत बघतो. मोटारीची लाईट रात्रपाळीला आली की उसाला दारं धरायला जावं लागतं, आणि बांधावर पायाखाली काय असेल सांगता येत नाही. म्हणून मी पुण्यातून एक टॉर्च मागवून गावी पाठवला. जाहिरातीत अख्खा डोंगर उजळलेला, खाली आकडा : ९०,००० लुमेन. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. ‘‘दादा, चिंच ऱ्हाऊ दे, वढ्याचं पाणी बी दिसंना.’’

हिशोब मी आधीच करायला हवा होता. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे हे असले शंभर बल्ब मुठीत धरायचे! त्याला लागणार ९०० वॉट, मोठ्या मिक्सरहून जास्त. आणि पुरवणार कोण, तर एकच लिथियम सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३,५०० एमएएच मावतात. एवढ्यावर ९०० वॉट मिनिटभरही चालणार नाहीत, आणि त्याआधी हात भाजेल तो वेगळाच.

टॉर्च परत आल्यावर सेल बाहेर काढला. त्यावर छापलं होतं ९,९०० एमएएच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर २८ ग्रॅम. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मग न्हाणीघरात अंधार करून टॉर्चचा झोत छताकडे टाकला, नंतर त्याच जागी ९ वॉटचा बल्ब लावला, आणि मोबाइलवर उजेड मोजला. टॉर्च बल्बाच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचला नाही. माप ढोबळ होतं, कबूल. पण एवढी तफावत ढोबळपणात बसत नाही. विक्रेत्याचं उत्तर मासलेवाईक होतं : उजेड ज्याच्या-त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो.

तसा तो नसतो. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एएनएसआय एफएल-१ नावाचं मानक ठरलं. लुमेन मोजायचे ते टॉर्च लावून किमान ३० सेकंद झाल्यावर, सुरुवातीचा भपका ओसरल्यानंतर. आणि झोताचा पल्ला कुठवर धरायचा, तर जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथवर. पाव लक्स म्हणजे साधारण पुनवेचं टिपूर चांदणं. हे वाचलं तेव्हा मला आप्पाच आठवले. हीही चिंचच, फक्त जगभर सगळ्यांना सापडेल अशी. पल्ला दुप्पट हवा तर झोताची तीव्रता चौपट लागते, हेही तिथेच कळलं. मानक ऐच्छिक आहे. न पाळणाऱ्याला खोक्यावर हवी तितकी शून्यं काढायला मोकळीक.

दुसरा टॉर्च या मानकाचं चिन्ह बघून घेतला. खोक्यावर १,००० लुमेन, किंमत तिप्पट. भावानं कळवलं, शेंडा दिसतो.

तुमच्या घरी असा लाखमोलाचा टॉर्च असेल, तर त्यातला १८ बाय ६५ मिलिमीटरचा सेल काढून काट्यावर ठेवून बघा. तीसच्या घरात भरला, तर तो रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.