पहिले हजार किलोमीटर

बेळगावची भाजी गोव्याला जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती घाट कशी उतरते, हे मात्र ड्रायव्हरलाच विचारावं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी या रस्त्यावर मी तीस वर्षं गाडी चालवली.

गेल्या दसऱ्याला पुतण्याने कर्ज काढून मालवाहू छोटा टेम्पो घेतला. चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी एका व्यापाऱ्याने विचारलं, "चोवीस पोती बटाटा नेशील? भाडं दीडपट देतो." पन्नास किलोचं पोतं, म्हणजे बाराशे किलो. गाडीची क्षमता साडेसातशे.

"काका, सगळेच नेतात की," तो म्हणाला. बँकेचा हप्ता तोंडावर होता, त्यामुळे त्याचंही खोटं नव्हतं.

मी म्हटलं, "जादा भाराचा दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण ते सोड. नव्या गाडीचे ब्रेक लायनर अजून ड्रमला नीट बसलेले नसतात. घाटात सतत ब्रेक दाबलास की ते तापतात, आणि मग पाय दाबूनही गाडी धरत नाही. तिथं व्यापारी तुझ्या शेजारी बसलेला नसेल."

त्याने नाही म्हटलं. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पहिला हप्ता वहिनींनी भिशीच्या पैशांतून भरला. घरात चार दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

मग आम्ही दोघांनी गाडी रुळवली. पहिले हजार किलोमीटर निम्माच माल. इंजिन ताणायचं नाही, तासन्‌तास एकाच वेगातही ठेवायचं नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर चाकांचे नट पान्याने तपासायचे. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीच नाही.

माल भरायचीही रीत आहे. बटाटा, कांदा असं जड खाली आणि केबिनला टेकून. कोबी, फ्लॉवर वर. डावी-उजवी बाजू सारखी. सगळं वजन मागच्या फाळक्याकडे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोर आडवा-तिरपा आवळायचा. ताडपत्रीने मागचा दिवा आणि नंबर झाकायचा नाही. जांबोटीला थांबून दोर पुन्हा ओढून बघायचा, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि गाठ सैल पडते.

आता त्याच्याकडे गोव्यातले दोन हॉटेलवाले कायमचे आहेत. माल कमी असतो, पण वेळेवर आणि न चेंगरता पोहोचतो, म्हणून त्यांना तोच हवा असतो. हप्ते ओढाताणीत का होईना, सुरू आहेत.

तुमच्या घरी कोणी नवी गाडी घेत असेल, तर पूजेबरोबर एवढं करा: आरसी बुकातला वजनाचा आकडा वाचा, आणि पोती स्वतः मोजा.