होकार आणि नकार

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध डेन्मार्कचा विश्वचषक पात्रता सामना आणि त्याच संध्याकाळी जर्मनीतल्या बोखुममध्ये बायर्न म्युनिकचा जर्मन चषकाचा सामना. दोन्ही संघांना मधल्या फळीत एकच माणूस हवा होता, सोरेन लेर्बी. तो दोघांनाही हो म्हणाला. डब्लिनचा सामना डेन्मार्कने ४-१ असा जिंकला. विजय आवाक्यात येताच तासाभराच्या खेळानंतर लेर्बीला बाहेर काढलं गेलं. बायर्नचे व्यवस्थापक उली हेनेस यांनी तजवीज केलेल्या खासगी विमानाने तो जर्मनीत पोचला आणि बोखुमच्या मैदानात उत्तरार्धात पुन्हा उतरला. तो सामना १-१ राहून जादा वेळेत गेला, तेव्हा तिथे मात्र त्याची सुटका लवकर झाली नाही.

या गोष्टीतलं विमान, ती धावपळ सगळ्यांच्या लक्षात राहते. माझं मन मात्र त्याच्या पायांपाशी थांबतं. दुपारचा थकवा अंगात मुरलेला, स्नायू आखडलेले, आणि तरी परक्या मैदानातल्या थंडीत पहिला चेंडू अडवायला पुढे सरसावणारे ते पाय. फुटबॉलपटूचा होकार तोंडाने दिलेला नसतो, तो गुडघ्यांनी आणि घोट्यांनी दिलेला असतो.

मेक्सिकोचा १९८६ सालचा विश्वचषक दूरदर्शनने घरोघरी आणला, तेव्हा मी त्याला पाहिलं. रात्री उशिरा, आवाज बारीक ठेवून. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, नडगी उघडी, शिनगार्डचा पत्ता नाही. जिथे हमखास लाथ बसायची, तोच भाग तो उघडा टाकून फिरत होता. डेन्मार्कने उरुग्वेला ६-१ असं लोळवलं, त्यात एक गोल त्याचा होता. पुढे स्पेनने ५-१ असा पराभव करून त्यांना घरी धाडलं. त्या देखण्या संघाच्या हाती करंडक लागला नाही, पण मनात तो कायमचा राहिला.

कोपनहेगनचा हा मुलगा सतराव्या वर्षी मित्र फ्रँक आर्नेसनसह आयाक्सला गेला. तिथे पाच लीग विजेतेपदं मिळवली, कर्णधार झाला. मग बायर्न, मोनॅको आणि आइंडहोफनचा पीएसव्ही. १९८८ साली पीएसव्हीने युरोपियन चषक जिंकला, तो उपांत्यपूर्व फेरीपासूनचे पाचही सामने बरोबरीत सोडवून. अंतिम सामन्यात बेनफिकाविरुद्ध पेनल्टीवर ६-५. पीएसव्हीच्या सहांपैकी एकही चुकला नाही आणि त्या सहांत लेर्बी होता. डेन्मार्ककडून ६७ सामने झाले. १९९० साली, बत्तिशीत, खेळ थांबला. ज्या वयात इतर लोकांचा कुठे जम बसू लागतो, त्या वयात फुटबॉलपटू माजी होतो.

वर्षभराने, १९९१च्या ऑक्टोबरात, बायर्नने त्याला प्रशिक्षक केलं. अनुभव नव्हता, संघ विस्कटलेला होता, पाच महिन्यांत पद गेलं. त्यानंतर तो खेळाडूंचा एजंट झाला.

एजंट म्हटलं की टक्केवारी खाणारा मध्यस्थ आपल्या डोळ्यांसमोर येतो. तसे लोक या धंद्यात आहेतच. पण काळ बदलला होता. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जायचं असेल, तर जुन्या क्लबला त्याची किंमत मागता येईना. लेर्बी खेळत असताना हे स्वातंत्र्य नव्हतं. खेळाडू मोकळा झाला आणि त्याच दिवसापासून वाटाघाटींच्या टेबलावर एकटा पडला. समोर क्लबचे वकील आणि हिशेबनीस. आपल्या बाजूने बोलणारा माणूस ही त्याची गरज झाली.

वेस्ली स्नायडर हा लेर्बीचा खेळाडू. २०१० साली इंटर मिलानने तीन मोठे करंडक जिंकले, तेव्हाचा त्या संघाचा मेंदू. २०१२ अखेरीस त्याच क्लबला त्याचा पगार जड वाटू लागला. वार्षिक रक्कम कमी करून नवा करार स्वीकार, असा आग्रह झाला आणि तो संघाबाहेर बसू लागला. स्नायडर आणि लेर्बी बधले नाहीत. जानेवारी २०१३मध्ये स्नायडर इस्तंबूलच्या गलातासरायला गेला. एकाच दिवशी दोन संघांना हो म्हणणारा माणूस आता दुसऱ्यासाठी नाही म्हणत होता.

मला यात विसंगती दिसत नाही, या आयुष्याची संगती दिसते. पायांचं आयुष्य पंधरा वर्षांचं, करारातलं एक कलम त्यातली दोन खाऊन टाकू शकतं, हे पुस्तकातून कळतं. पण राखीव बाकावर बसलेल्याच्या पोटात काय कालवतं, दुखरा घोटा लपवून मैदानात उतरावंसं का वाटतं, हे खेळलेल्यालाच ठाऊक असतं. खेळाडूला नाही म्हणणं जमत नाही. त्याची सगळी घडणच हो म्हणण्यासाठी झालेली असते. म्हणून त्याच्या वतीने नकार देणारा माणूस लागतो, आणि तो होकाराची किंमत चुकवून आलेला असला तर उत्तम.

कोल्हापूरच्या तालमींच्या संघांमध्ये, गोव्याच्या गावोगावच्या मैदानांवर मुलं घाम गाळतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पुढे आयएसएलमध्ये पोचला. त्याच्या मागून निघालेल्या प्रत्येक मुलापुढे एक दिवस इंग्रजीत छापलेला करार येणार आहे. सही करण्याआधी तो ओळ न ओळ वाचणारा, कधीकाळी स्वतः चिखलात पडलेला आणि वेळ आली तर पेन खाली ठेवायला सांगणारा माणूस त्याच्या शेजारी हवा. चांगल्या बुटांइतकाच तो त्याचा हक्क आहे.